दुसऱ्याची गरज

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसले की दिवसातून पन्नास सह्या कराव्या लागतात. दाखले, उतारे, पगारपत्रके, सहलीची परवानगी. हाताला इतकी सवय होते की डोळे दुसरीकडे असले तरी सही होते. पण एक सही अशी आहे की जिच्यापुढे माझा हात अजूनही थांबतो. ती म्हणजे जामिनाची सही.

अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी माझा भाचा घरी आला. त्याच्या हातात पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज आणि दुकानातून आणलेली दोन दरपत्रके होती. "मामा, जामीन म्हणून तुमची सही पाहिजे," तो म्हणाला. मागोमाग अक्काही आली. म्हणजे प्रकरण घरात चर्चा होऊन आलेले होते.

भाचा छायाचित्रकार आहे. हंगामात बेळगाव-खानापूर भागातली लग्ने, मुंजी, वास्तुशांती ही त्याची भाकरी. आणि हंगाम संपला की आंबोलीचे बेडूक, दांडेलीचे धनेश, हंपीचे दगड हा त्याचा जीव. जंगलातल्या छायाचित्रांतूनही अलीकडे त्याला थोडे पैसे मिळू लागले आहेत. त्याला हवे होते दोन लॅपटॉप. एक घरी ठेवायचा, मोठ्या पडद्याचा, ताकदवान, १,३०,००० रुपयांचा. दुसरा प्रवासाचा, वजनाला हलका, ६०,००० रुपयांचा. एकूण १,९०,०००. मधला एक मार्गही त्याने कागदावर मांडला होता: दीड किलोच्या आतबाहेरचा, पण काम पेलणारा एकच लॅपटॉप, १,२०,००० रुपयांचा. पण त्या ओळीवर त्याने स्वतःच रेघ ओढली होती.

"एकाने भागत नाही का?" मी विचारले.

तो काही बोलला नाही. अक्का बोलली, "त्याला विचारू नकोस. मागचं आठवतंय न्हवं तुला?"

आठवत होते. २०२३च्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात तो लग्नाच्या कामाला गेला होता. आदल्या संध्याकाळी हळद झाली. रात्री त्याने सगळी छायाचित्रे लॅपटॉपमध्ये उतरवली आणि दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तासाठी कॅमेऱ्यातली कार्डे पुसून मोकळी केली. लग्न पार पडले. मोटारसायकलवरून परत येताना वळवाने गाठले. पाठीवरच्या पिशवीत पाणी शिरले आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. लग्नाची छायाचित्रे कार्डात होती, ती वाचली. हळदीचे एकही उरले नाही. डिस्क पुण्याला पाठवून पाहिली. काही निघाले नाही. त्याने हळदीचे पैसे परत केले, त्या लोकांनी समजूतदारपणे घेतले, आणि विषय मिटला असे वाटले.

आषाढात नवरीची आजी वारली. त्यानंतर आठ दिवसांनी नवरीचे वडील त्याच्या दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. भांडायला नव्हे. "हळदीत आईनं नातीला हळद लावली होती. त्यातला एखादा तरी कुठं असंल तर बघ बाळा," एवढेच म्हणाले. आजी लग्नाच्या दिवशी आजारी पडून घरीच निजून होती. म्हणजे जे होते ते हळदीतच होते.

त्या दिवसापासून या मुलाच्या मनात एक भीती घर करून बसली आहे. दोन लॅपटॉप हे त्या भीतीवरचे औषध, असे त्याने ठरवले होते.

हे सगळे ठाऊक असूनही मी त्याला प्रवचन दिले, याची कबुली इथेच देतो. शिक्षकाचा पेशा वाईट. समोरचा गप्प बसला की जीभ सैल होते. पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह सांगितला, जैन परंपरेने त्याला महाव्रतांत स्थान दिले, असे सांगितले. ग्रीसमधला डायोजेनीस ओंजळीने पाणी पिणारे पोर पाहून आपला पेला फेकून देतो, ती गोष्टही सांगितली. माणूस आधी वस्तू घेतो आणि मग तिची गरज शोधत बसतो, असे एक वाक्य जोडून मी थांबलो. माझे मलाच ते बरे वाटले होते.

अक्काने शांतपणे विचारले, "तुझे चष्मे किती आहेत रे?"

माझे चष्मे दोन आहेत. एक घरात, एक शाळेत. २०१९ साली दहावीच्या परीक्षेत ऐनवेळी काच फुटली आणि अर्धा दिवस मी आंधळ्यासारखा बसलो, तेव्हापासून दुसरा ठेवला. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "उद्या बोलू."

रात्री विचार करू लागलो तेव्हा जाणवले की प्रश्न एक की दोन हा नाहीच. दुसरी वस्तू कोणत्या कारणाने घरात येते, हा आहे. कधी ती सुखासाठी येते: इथेही एक, तिथेही एक, उचलायला नको. कधी भीतीपोटी येते: पहिली गेली तर? आणि कधी ती दुसऱ्या माणसासाठी येते. अमेरिकेतला थोरो १८४५ साली वॉल्डनच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. साधेपणाचे उदाहरण म्हणून आपण त्याचे नाव घेतो. त्याच्या झोपडीतही खुर्च्या तीन होत्या. एकट्या माणसाला तीन कशाला? बाकीच्या येणाऱ्यांसाठी होत्या. त्या खुर्च्यांना कोणी संग्रह म्हणणार नाही.

मग भाच्याचा दुसरा लॅपटॉप कोणासाठी? तो म्हणेल, आजीसाठी. खरेच का? इथे मला थोडे खोलात जावे लागले आणि दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून त्याचे काम समजून घ्यावे लागले.

पूर्वीच्या छायाचित्रणात एक गोष्ट आपोआप होत असे, तिच्याकडे आपले लक्षच गेले नव्हते. निगेटिव्ह छायाचित्रकाराकडे राही आणि प्रत गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये जाई. एकाच क्षणाची दोन रूपे दोन घरांत राहत. एका घराला वाळवी लागली तरी दुसरे असे. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ या मद्रास सैन्यातल्या अधिकाऱ्याने मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर हंपीची छायाचित्रे घेतली. ती आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७४च्या सुमारास कॅमेरा हाती घेणारे आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांवर काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. त्या काळात काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन धुवावे लागे. त्यामुळे प्रवासात काळोख्या खोलीचा तंबूसुद्धा बरोबर न्यावा लागे. ओझे प्रचंड, पण क्षण एकदा काचेवर उतरला की ती काच पुसून दुसऱ्या दिवशी वापरायचा मोह नव्हता.

आता ओझे गेले आणि मोह आला. भाच्याच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस ते तीस एमबीची. एका लग्नात तीन हजार छायाचित्रे म्हणजे ७५ ते ९० जीबी. कार्ड भरते, उतरवले जाते, पुसले जाते. उतरवणे आणि पुसणे यांच्या मध्ये दोन प्रती असतात. पुसल्यावर एकच उरते. त्या रात्री खानापूरला नेमके हेच झाले होते. लॅपटॉप एक होता म्हणून हळद गेली नाही. हळदीची प्रत एक होती म्हणून गेली. दोन लॅपटॉप असते आणि त्याने एकातच उतरवले असते, तरीही ती गेलीच असती.

आणखी एक गोष्ट निघाली, ती त्यानेच सांगितली. त्याच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची जागा आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तेच छायाचित्र उमटेल अशी सोय त्यात आहे. पण त्याने ती "पहिले भरले की दुसरे" अशी लावून ठेवली होती, कारण त्यात जास्त छायाचित्रे मावतात. म्हणजे दुसरे त्याच्याजवळ त्या दिवशीही होते. ते अधिक मिळवण्यासाठी वापरले गेले, असलेले जपण्यासाठी नव्हे. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. मीही काही बोललो नाही. आमच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर मला आठवत होते. एक वृद्ध माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या उताऱ्यासाठी आला आणि नेमके त्याच्या सालाचे पान वाळवीने खाल्लेले निघाले. कपाटे आमच्याकडे चार होती. नक्कल एकही नव्हती. त्या म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्यावर मी उरलेल्या पानांची नक्कल करून घेतली आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवली. शहाणपण मलाही नुकसानीनंतरच आले होते.

दोन यंत्रांचा एक तोटाही असतो. छायाचित्रे निवडणे, रंग सुधारणे, कोणते कोणाला दिले याची नोंद ठेवणे, हे सगळे तो लाइटरूम या प्रणालीत करतो आणि त्याचा सारा हिशेब एका सूचीत असतो. प्रवासात एका यंत्रावर अर्धे काम, घरी दुसऱ्यावर अर्धे, असे झाले की दोन सूच्या होतात, आणि मग कुठली खरी हे दर वेळी जुळवत बसावे लागते. आपल्या भागातल्या माणसाला हे पटकन कळेल. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत कन्नड बोलतो, आणि दोन्ही सहज बोलतो. पण भाजीवाल्याचे पैसे मनात मोजताना आपण ज्या भाषेत पाढे पाठ केले त्याच भाषेकडे वळतो. व्यवहार दोन भाषांत चालतो. हिशेब एकाच भाषेत होतो.

मग लॅपटॉप बिघडला तर? हा त्याचा शेवटचा प्रश्न होता आणि तो योग्य होता. मी म्हटले, बिघडला तर काम थांबेल. चार दिवस उशीर होईल, गिऱ्हाईक रागावेल, तू माफी मागशील, ते भरून निघेल. उशीर आणि नाश यांतला फरक ओळखता आला की अर्धी भीती जाते. जे भरून निघते त्यासाठी कर्ज काढू नये; जे भरून निघत नाही त्यासाठी काटकसर करू नये. अपरिग्रहाचा अर्थ मला आता असा दिसतो. आपल्या सुखासाठी थोडक्यात भागवावे. पण लोकांची लग्ने, लोकांच्या आज्या आपल्याकडे ठेव म्हणून आलेल्या असतात. ठेवीच्या बाबतीत एकावर भागवणे हा साधेपणा नव्हे, निष्काळजीपणा आहे.

अखेर ठरले ते असे. मधला, एकच लॅपटॉप, जो दांडेलीला पाठीवरून नेता येईल. घरी तो मोठ्या मॉनिटरला जोडायचा. दोन बाहेरच्या डिस्क. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम भाच्याला ठाऊक होता, फक्त पाळलेला नव्हता: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. दोन्ही कार्डांवर एकच छायाचित्र उमटायचे आणि घरी येऊन प्रती तपासल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. पुरेशी कार्डे घ्यायची. ती लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि वळवात गेलेला जुना लॅपटॉप? तो त्याने टाकलाच नव्हता. एका दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क घालून तो चालू करून दिला. संथ आहे, पण अडीनडीला घरी उपयोगी पडेल. म्हणजे दुसरा शेवटी आलाच, पण कर्ज काढून नव्हे. अर्जावरची रक्कम खोडून १,४०,००० लिहिली गेली आणि मी सही केली.

परवा अक्काकडे गेलो होतो. तिच्या लोखंडी कपाटात, पासबुकांच्या आणि आईच्या पाटल्यांच्या शेजारी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक डिस्क आहे. भाचा राहतो शहापुरात, दुकानाच्या वर, अक्का टिळकवाडीत. दर रविवारी तो येऊन ती भरून जातो. "माझ्या कपाटात आता लोकांची लग्नं असतात," ती म्हणाली आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली.

खानापूरच्या त्या घरी मात्र देण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. लॅपटॉप एक घ्या की दोन, तो हिशेब आता जुळणार नाही. दिवाळीच्या आधी तो तिकडे जाऊन येणार आहे, मीही त्याच्याबरोबर जावे असे त्याचे म्हणणे आहे. मी हो म्हटले. जामीन तरी काय असतो? पहिला माणूस अडला तर उभा राहावा म्हणून ठेवलेला दुसरा माणूस.