हुकमाआधीचा क्षण

दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं, "पोराला एन.सी.सी.त तीन पट्ट्या मिळाल्या, सार्जंट झाला. आता लीडरशिप आली म्हणायचं." पोराचं कौतुक मलाही वाटलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. बाहीवर पट्ट्या चढल्या की नेतृत्व येतं?

एन.सी.सी.चा 1948 चा कायदा, ए, बी, सी प्रमाणपत्रं, भरतीत मिळणारा फायदा, हे घरोघरी ठाऊक आहे. मला राहून राहून महत्त्वाचा वाटतो तो हुकूम आणि भरवसा यांतला फरक. हुकमाचा अधिकार वरून मिळतो. भरवसा सोबतचे टाकतात आणि मनात आलं की काढूनही घेतात. वीज केंद्रात रात्रपाळीला युनिट ट्रिप झालं की कोणाच्या शब्दाकडे कान लागतात, हे इथल्या घरांना वेगळं सांगायला नको.

भरवसा म्हटलं की आपल्या खानदेशात अमळनेर आठवतंच. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत. त्यांच्या हाती शिक्षा करण्याचा अधिकार होता, पण मुलं ऐकत ती त्या झाडूमुळे. कवायतीच्या मैदानावर हे कुठून शिकायला मिळणार, असंच मला वाटत होतं.

माझे एक प्राध्यापक मित्र तर कवायतीला मेंढरं घडवण्याचा कारखाना म्हणतात. त्यांचा दाखला ठरलेला: चीन युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली आणि 1968 मध्ये ती ऐच्छिक करावी लागली. सक्तीबद्दल त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. सक्तीने हजेरी भरते, माणूस घडत नाही. पण कारखान्याबद्दलचं म्हणणं मैदानाशेजारी उभं राहून पाहिल्यावर मला पटेनासं झालं.

हुकूम देणाऱ्या कॅडेटने "दाहिने" हा शब्द लांबवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग "मुड" म्हणायचं. त्या थांबण्यात सगळं स्क्वॉड वळायला सज्ज होतं. घाई केली की निम्मे वळतात, निम्मे तसेच राहतात. चालत्या स्क्वॉडला "थम" चुकीच्या पायावर दिला की रांगभर पाय अडखळतात, आणि तिथे बोट दाखवायला दुसरा कोणी नसतो. आपला उतावळेपणा दुसऱ्यांच्या पायांत दिसतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला इतक्या लख्खपणे आणखी कुठे कळणार? तो क्षण किती हवा, हे तरी त्याला कसं कळतं? तो स्वतः रांगेत उभा राहिलेला असतो म्हणून. आज्ञापालन आणि नेतृत्व यांना मी परस्परविरोधी मानत होतो. आता म्हणतो, नीट ऐकलेल्यालाच नीट सांगता येतं. मे महिन्यात भुसावळकडे पारा पंचेचाळिशीजवळ जातो. तेव्हा मागच्या रांगेतल्या पोराचे ओठ सुकलेले पाहून परेड सावलीत नेणारा कॅडेट मला तिथेच तयार होताना दिसतो.

मात्र पट्ट्या मोजक्याच असतात आणि हुकूम द्यायची संधी बहुधा त्याच दोघातिघांना मिळते. शाळा-कॉलेजांतल्या एन.सी.सी. अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक परेडला दहा मिनिटं स्क्वॉड एखाद्या नव्या कॅडेटच्या हाती द्या, बुजऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्यालाही. त्याचा हुकूम चुकेल, रांग विस्कटेल. विस्कटू द्या, आणि पुढच्या परेडला पुन्हा त्यालाच पुढे बोलवा.