एलीयाची झोप आणि भाकर

(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९)



आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, डहाणू व तलासरी तालुक्यांत, सन २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून भूमी कापू लागली, हे तुम्हांपैकी पुष्कळांनी स्वतः अनुभविले आहे. धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांमागून धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात कित्येक झाले. त्यांतील मोठा ४.१ मापाचा होता. त्या दिवशी हळदपाडा येथे घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक बालिका मरण पावली. थंडीच्या रात्री लोक मुलाबाळांसह अंगणात, खळ्यावर व तंबूंत निजले.

त्या दिवसांत मी एका पाड्यावर गेलो असता मंडळीतील एक विधवा मला म्हणाली, “पाळकसाहेब, धक्का नसला तरी जमीन हालते असे वाटते. छाती धडधडते. प्रार्थनेस बसले तर शब्दच येत नाहीत.” यावर मी तिला काय सांगितले, ते लिहिताना आज लाज वाटते. “बाई, तुमचा विश्वास कमी पडतो,” असे म्हणून, प्रार्थना करून मी निघालो आणि त्या रात्री आपल्या पक्क्या घरात निजलो. पुढे कळले की, तिने उपासनेस येणे सोडले आहे. तिला भूमीचे भय होते. त्यावर मी देवाच्या नाराजीचे भय चढविले.

आता एलीयाकडे पाहा. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर जो एकटा उभा राहिला, तोच ईजबेल राणीची एक धमकी येताच जीव घेऊन पळाला. चाकरास बैर-शेबा येथे ठेवून तो एकटाच रानात गेला, एका झुडुपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्याचा विश्वास एका रात्रीत आटला होता काय? नव्हे, तो थकला होता, उपाशी होता, एकटा होता. देवाने त्यास रागे भरले नाही. प्रथम त्यास झोप लागू दिली. मग दूताने स्पर्श करून उठविले, तो उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी. तो जेवला व पुन्हा निजला. दूताने पुन्हा उठवून जेवू घातले, कारण वाट लांबची होती. या साऱ्यात उपदेशाचा एक शब्द नाही. उपदेशक बंधूंनो, हे आपल्यासाठी लिहिले आहे.

भय हे उत्पन्नकर्त्यानेच देहात ठेविले आहे. शेतात साप दिसला की काळीज धडधडते, अंग ताठ होते, ते पळता यावे म्हणून. साप गेला की देह निवतो. परंतु संकट आज येईल की उद्या, हे ठाऊक नसेल, तर देह रात्रंदिवस पहाऱ्यावर उभा राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ जीव गेले. त्यानंतर लग्नाच्या फटाक्यानेही दचकून उठणारी माणसे मी बोईसरला पाहिली आहेत. त्यांस भित्रे म्हणू नये. त्यांचा पहारेकरी अजून निजलेला नाही, इतकेच.

म्हणून अशा मनुष्यास प्रथम झोप व अन्न मिळेल असे करा. रात्रपाळी करून आलेला पुरुष दिवसा निजला असता घरात गडबड करू नका. ताडी पिऊन लवकर डोळा लागतो खरा, पण मध्यरात्री तो उघडतो आणि भय दुप्पट होते. छाती धडधडू लागली, तर श्वास हळू घ्यावा व त्याहून हळू सोडावा. अमुक रात्री मोठा भूकंप होणार, अशी वार्ता फोनवर आली, तर ती पुढे धाडू नका. भूकंपाची वेळ आधी सांगणारी विद्या आजवर कोणापाशी नाही. आठवडे लोटले तरी झोप येत नसेल, किंवा एलीयाप्रमाणे मरणाचे विचार येत असतील, तर वाट पाहू नका; डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे पैसे पडत नाहीत व मराठीत बोलता येते. वैद्याचे साह्य घेणे म्हणजे देवास सोडणे नव्हे. दूताची भाकर एलीयाने नाकारली नाही.

मग होरेब पर्वतावर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला; आणि शास्त्र स्पष्ट सांगते की, त्या भूकंपात परमेश्वर नव्हता. अमक्या पाड्याच्या पापामुळे जमीन हालली, असे म्हणणारे आपल्यातही होते. हळदपाड्याच्या त्या बालिकेने कोणते पाप केले होते? परमेश्वर मंद वाणीने बोलला, आणि तेही प्रश्न विचारून. एलीयाने आपले गाऱ्हाणे दोनदा, जसेच्या तसे सांगितले. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतले. त्यानंतरच त्यास काम दिले, तो एकटा नसून सात हजार उरले आहेत असे कळविले, आणि सोबतीस अलीशा दिला.

पावसाळ्यापूर्वी मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो व त्या बाईंची क्षमा मागितली. या खेपेस मी बोललो थोडे. त्या दोन तास बोलत होत्या; कित्येक गोष्टी त्यांनी दोनदा सांगितल्या. मंडळीतील दोन बहिणींनी रात्री आळीपाळीने त्यांच्याकडे निजावयास जाण्याचे कबूल केले. मी सोबत भाकर नेली होती, पण ती तशीच फडक्यात राहिली. बाईंनी चूल पेटवून मला आपल्या हातची नागलीची भाकर वाढली.