इडली येईपर्यंत

लहान मुलांना हॉटेलात आणावं की नाही, हा वाद आता हंगामी झाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आसपास तो हमखास उगवतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं की काल शेजारच्या टेबलावरच्या दीड वर्षाच्या पोरानं आमच्या जेवणाचा विचका केला. त्यावर दुसरं कुणी विचारतं, तुम्ही कधी लहान नव्हता का? मग रात्रभर निरोप येत राहतात आणि सकाळी दोन्ही बाजू होत्या तिथेच असतात. एक म्हणते आवाज सहन होत नाही, दुसरी म्हणते सहन करा. ते मूल टेबलाशी बसून नेमकं काय करत असतं, याची चौकशी दोघीही करत नाहीत.

सरसकट बंदी मागणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. दक्षिण कोरियात तसे फलक बरेच लागले. जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटनं तेरा वर्षांखालच्यांना मज्जाव केला, तेव्हा २०१७ मध्ये तिथल्या मानवाधिकार आयोगानं तो भेदभाव ठरवला. माझ्या लेखी तो मुद्दा तिथे संपतो. ‘आपल्याकडे मुलं पूर्वापार पंगतीत असतात’ हा अभिमानही फार ताणू नये. मुलांची पंगत आधी उठवून मोकळं व्हायची पद्धत होती, आणि बायका सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या.

मला छळतं ते तिसरंच मत, जे फार समंजस दिसतं. ‘आमचा मुलांना विरोध नाही हो, पण आधी घरी शिकवा आणि मग बाहेर आणा.’ बालवाडीच्या पालकसभेपासून रविवारच्या पुरवणीपर्यंत हे वाक्य इतक्या सहजपणे फिरतं की त्याच्या पोटात काय आहे हे कुणी बघत नाही.

घरी शिकवा, म्हणजे काय शिकवा? आपल्या घरांत दोन वर्षांचं मूल जेवतं कसं, ते आठवून पाहावं. आजी किंवा आई वाटी घेऊन त्याच्या मागे फिरते. चिऊचा घास गॅलरीत, काऊचा घास जिन्यात आणि शेवटचे दोन घास खाली वॉचमनकाकांसमोर. मूल बसतं तेव्हा भात आधीच कालवून, निववून तयार असतो. भूक लागली आणि जेवण अजून आलेलं नाही, असा मधला काळ घरात त्याच्या वाट्याला येतच नाही, कारण तो येऊ नये म्हणूनच सगळं घर राबत असतं. ते प्रेम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हॉटेलात जे लागतं ते अशा घरात शिकवता येत नाही. पोहणं काठावर शिकून मग पाण्यात उतरा, असं सांगण्यासारखंच हे झालं.

शिवाय हे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाजवळ घरी कोण थांबणार? जिथे आजी नाही आणि सांभाळणारी बाई सहा वाजता जाते, तिथे ‘मूल घरी ठेवा’ याचा अर्थ ‘आई घरी राहील’ एवढाच होतो. हे मत मांडणाऱ्यांत बाबा लोकांची संख्या मला नेहमी जास्त वाटली आहे. मोजदाद मी केलेली नाही. आणि समजा, पाच वर्षं थांबलात. हॉटेल कधीच न पाहिलेला पाच वर्षांचा मुलगा दोन वर्षांच्या मुलापेक्षा शांत बसतो, असं म्हणणाऱ्यानं एकदा अशा मुलासोबत जेवून यावं. त्याचा आवाज मोठा असतो, पाय लांब असतात, आणि त्याला उचलून बाहेर नेता येत नाही.

एवढं म्हटल्यावर काही गोष्टी कबूल करायलाच हव्यात. टेबलांच्या मधून पळणारं मूल हा गोड प्रसंग नव्हे. वेटरच्या हातात वाफाळत्या सांबाराच्या वाट्या असतात आणि तो खाली पाहत नसतो. मूल रडायला लागलं तर त्याला घेऊन बाहेर जावं, लगेच जावं. टेबलाखाली सांडलेला भात फडकं मारणाऱ्या पोराला वाकून उचलावा लागतो. थोडा आपण उचलावा आणि टिप ठेवताना त्याची आठवण ठेवावी. परमिट रूममध्ये मुलाला नेऊ नये, हे सांगायला लेख लागत नाही.

मी बोलतो आहे ते साध्या हॉटेलांबद्दल. मुंबई-पुण्यात ती बहुतेक उडुप्यांची. माटुंग्याचं कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. घरापासून दूर नोकरीला आलेल्या माणसांना स्वस्तात आणि झटपट जेवू घालण्यातून ही परंपरा वाढली, लहान मुलं कुणाच्या डोक्यातही नसतील. तरी ही जागा त्यांना इतकी मानवते, याचं श्रेय लोक ‘घरगुती वातावरणा’ला देतात. मला ते पटत नाही. कारण वेळेचं आहे. इडली वाफवून तयार असते, सांबार मोठ्या पातेल्यात उकळत असतं, डोसा होऊन यायला काही मिनिटं लागतात. थांबावं लागतं, पण दोन वर्षांच्या जिवाला झेपेल इतकंच. आणि त्या वेळात शेजारच्या टेबलांवर ताटल्या येताना दिसतात. म्हणजे इथे आलेल्यांना खायला मिळतं, हे मुलाला डोळ्यांनी कळतं.

इथे माझ्या मनातला खरा भेद येतो: वाट पाहणं वेगळं आणि वेळ काढणं वेगळं. वरून दोन्ही सारखी दिसतात, दोन्हींत मूल गप्प असू शकतं. समोर मोबाइल टेकवून दिलेलं मूल वेळ काढत असतं. आवाज नाही म्हणून शेजारचे खूश, आईबापांना चार घास गरम मिळतात. दोन वर्षांखाली, व्हिडिओ कॉल सोडल्यास, पडदा नको, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलेलं आहे, तो आरोग्याचा मुद्दा झाला. माझा मुद्दा इडली आल्यावरचा आहे. वाट पाहणारं मूल इडली आली की हात पुढे करतं. मोबाइलवालं मूल मान वळवतं, कारण त्याच्या लेखी इडली मध्येच येऊन कडमडलेली असते. मग त्याच्या उघड्या तोंडात घास सारावा लागतो आणि त्याला पत्ताही नसतो.

वाट पाहणं हा संयमाचा गुण मानला जातो, आणि संयम म्हटलं की घरचं वळण आलंच. त्यामुळेच ‘आधी शिकवा’वाले पुन्हा डोकं वर काढतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात झालेला एक प्रयोग पुरेसा आहे; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी चांगले रंग, चांगले स्टिकर आणून देतो असं सांगून खरंच दिले, बाकीच्यांना सांगूनही दिले नाहीत. मग सर्वांसमोर एकेक मार्शमॅलो ठेवून सांगितलं, थांबलात तर दोन मिळतील. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन. मुलं दोन वर्षांची नव्हती आणि संख्या लहान होती, हे मान्य. तरी थांबणं किती लांबतं, ते समोरचा मोठा माणूस शब्दाचा किती पक्का आहे यावरही ठरतं, एवढं त्यातून नक्की निघतं.

आपण काय करतो? ऑर्डर द्यायच्या आधीच ‘आली, आली इडली’ म्हणतो. मोठ्यांचं उत्तप्पा की थाळी हे ठरेपर्यंत मुलाची इडली अडकून पडते. बसल्या बसल्या ‘एक इडली, सांबार वेगळं’ सांगून टाकावं, आणि ती सुटेपर्यंत ‘आली’ म्हणू नये.

कुणी विचारेल, चमचा वाजवणं, स्टीलची वाटी गरगरा फिरवणं हेही वेळ काढणंच नाही का? नाही, असं मी ठामपणे म्हणतो, जरी सीमारेषा पुसट आहे. वाटी फिरवणाऱ्या मुलाचं लक्ष वाटीत पूर्ण अडकलेलं नसतं. ताटली शेजारून गेली की ते वर बघतं, ती दुसऱ्या टेबलावर उतरली की हिरमुसतं, आणि पुन्हा वाटीकडे वळतं. मॉलच्या फूड कोर्टात हातात देतात तो, ऑर्डर तयार झाली की लुकलुकणारा बझर मला याच कारणानं आवडतो, बाकी तिथलं काहीच आवडत नसलं तरी.

एक अडचण मात्र सुटत नाही. मुलाची इडली संपते तेव्हा मोठ्यांचं ताट नुकतंच आलेलं असतं. आता त्याला थांबायचं आहे ते दुसऱ्यांसाठी, आणि त्यात त्याच्या पदरात पडणार काहीच नाही. दोन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. एकानं जेवावं, दुसऱ्यानं त्याला घेऊन गल्ल्यापाशी किंवा पानाच्या टपरीपर्यंत फिरून यावं, मग अदलाबदल. आणि पहिलं ताट प्रत्येक वेळी बाबांचं नसावं. रविवारी रात्री साडेआठला, वहीत नाव लिहून पाऊण तास दाराशी ताटकळायचं असेल, तर तिथे दोन वर्षांचं मूल वाट पाहूच शकत नाही. त्या गर्दीत त्याला नेऊन नंतर त्याच्या वळणावर चर्चा करण्यापेक्षा संध्याकाळी साडेसहाला जावं. टेबलं रिकामी असतात.