न कळलेला हुकूम

एका देवास शहरावर पवारांच्या दोन पात्या राज्य करत होत्या, थोरली आणि धाकटी. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत गाव एक आणि दरबार दोन, असा कारभार होता. कोणाचा हुकूम कुठवर चालतो, हे ठाऊक असल्यावाचून तिथे गत्यंतर नव्हतं.

प्रिंटरच्या राज्यातही अशाच पात्या आहेत. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरसारख्या उद्योगनगरीत मालाच्या बिल्टीला कार्बन प्रती हव्या असतात. त्या ठोके देणाऱ्या डॉट मॅट्रिक्सवरच निघतात आणि तिथे बहुधा एप्सनची ईएससी/पी भाषा चालते. लेझर प्रिंटरवर एचपीची पीसीएल भाषा रुळली ती १९८४ च्या लेझरजेटपासून. दोन्हींत आज्ञेची सुरुवात २७ क्रमांकाच्या 'एस्केप' खुणेने होते. पण त्यापुढे 'ई' आलं, तर एप्सन अक्षर ठळक करतो. पीसीएलचा प्रिंटर मात्र सगळ्या मांडण्या मूळपदावर आणतो आणि अर्धवट छापलेला कागद बाहेर टाकतो. एकूण रकमेचा आकडा उठून दिसावा म्हणून दिलेल्या आज्ञेने तो आकडाच दुसऱ्या कागदावर जातो.

ही झाली गैरसमजाची गोष्ट. आज्ञा मुळीच ओळखीची नसेल तर? पीसीएलच्या बहुतेक आज्ञा मोठ्या लिपीतल्या रोमन अक्षराने संपतात. त्यामुळे अर्थ न लागला तरी आज्ञा कुठे संपली हे प्रिंटरला कळतं. तेवढा भाग सोडून तो पुढचा मजकूर नीट छापतो. ईएससी/पीमध्ये असा सामाईक शेवट नाही, प्रत्येक आज्ञेची लांबी वेगळी. अनोळखी आज्ञा आली की तिचे उरलेले आकडे मजकूर म्हणून कागदावर उमटू शकतात.

पीसीएलच्या या ठरलेल्या शेवटात मला ती भाषा घडवणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते. उद्या कोणती आज्ञा येईल हे त्यांना माहीत नव्हतं, पण ती येणार हे त्यांनी गृहीत धरलं आणि व्याकरणात तिच्यासाठी जागा ठेवली. तरी एक उणीव राहतेच. वगळलेल्या आज्ञेबद्दल प्रिंटर सहसा चकार शब्द काढत नाही, आणि बिल्टी भरणारा कारकून आपलंच काही चुकलं असं समजतो. न कळणं हा दोष नाही. पण जे कळलं नाही ते ओलांडून पुढे जाताना तसं सांगणं, ही यंत्राची जबाबदारी आहे. आणि ते यंत्र घडवणाऱ्यांची तर आधी.