पाऊल आणि कारण

आमच्या हिरकणीवाडीतून मान वर केली की रायगडाचा कडा दिसतो. गडाच्या पश्चिम टोकाला हिरकणी बुरूज आहे. सांजवेळी दरवाजे मिटले, तेव्हा पाळण्यातल्या लेकरासाठी एक गवळण कडा उतरली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला, अशी आख्यायिका. लहानपणापासून ती ऐकत आलो. यंदा मात्र मनात एक शंका उभी राहिली.

बाळंतपणाला आलेली माझी भाची रात्री मुलाला पाजताना डोळा लागू नये म्हणून मोबाइल पाही. २००६ साली आझा रास्किन यांनी तळ नसलेल्या पानाची युक्ती काढली. पुढे त्यांना तिचा पश्चात्तापही झाला. अंगठा कुठे थांबतो याची यंत्र नोंद ठेवते आणि तसलेच आणखी वाढीत जाते. पुढे मूल रात्री झोपू लागले. तरी दोनच्या सुमारास मोबाइल किणकिणे आणि भाची उठून बसे.

यंत्राची नोंद खोटी नव्हती. ती जागी होती, हे खरेच. का जागी होती, हे त्याने विचारले नव्हते.

बुरजाचेही तसेच नाही का? पाऊल कुठून गेले ते कळले, वाट बुजली. पण पुन्हा एखादी आई अडकली तर दरवाजा उघडावा, असे त्या कथेत कधी ऐकले नाही. गडाला निदान शत्रूचे भय होते. करमणूक विकणाऱ्याला कसले भय?

भाची आता मोबाइल माजघरात ठेवून निजते. पण मला वाटते, सुधारायचे होते ते तिने नव्हे, दरवाजा घडवणाऱ्याने.