तो पत्ता चोराचा असेलच असं नाही

पुतण्यानं घरच्या कॉम्प्युटरची लॉग फाइल उघडून दाखवली. रात्रभरच्या लॉगिन-प्रयत्नांच्या एकाखाली एक ओळी: ‘रूट’, ‘ॲडमिन’, पुन्हा ‘रूट’. प्रत्येक ओळीत तोच शेरा, ‘फेल्ड पासवर्ड’. कॉलेजातून घरच्या फाइल काढता याव्यात म्हणून त्यानं पोर्ट २२ उघडं ठेवलं होतं. तेवढं पुरलं. “काका, आयपी ॲड्रेस मिळालाय. आता मीच त्याचं मशीन बंद पाडतो.”

राग रास्त आहे. आपल्या घरात शिरायला कुणी सतत धडपडत असेल, तर शांत राहा असं मी कुणाला सांगणार नाही. पण तो राग काढायचा कुणावर?

२०१६ चा ‘मिराई’ हा घातक प्रोग्राम आठवा. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर कंपनीनं दिलेल्या पासवर्डवरच चालू होते. मिराईकडे अशा साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. ती लावून पाहायची, उपकरण ताब्यात घ्यायचं आणि त्याच्याकडूनच पुढचं दार ठोठावायचं, एवढंच त्याचं काम. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेनं वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कोलमडले. ज्यांच्या भिंतीवरचा कॅमेरा त्या फौजेत होता, त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. मिराई लिहिणारे तिघे तरुण वेगळेच. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला.

म्हणजे पुतण्याच्या हाती लागलेला पत्ता एखाद्या दवाखान्याचा असू शकतो, किंवा मुलांनी गावी आईवडिलांसाठी बसवलेल्या कॅमेऱ्याचा. तिथं उलटा वार करणं म्हणजे लुटल्या गेलेल्यालाच पुन्हा लुटणं. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्येही बसतं. पण कायदा नसता तरी ते चूकच ठरलं असतं.

मला अधिक बोचतो तो दुसरा प्रश्न. आपलं उपकरण या क्षणी कुणाच्या लॉगमध्ये उमटत असेल? ‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं म्हणून आपण पासवर्ड तसाच ठेवतो. हल्लेखोरांना आपल्या फाइल नकोच असतात, आपलं कनेक्शन हवं असतं. आपल्या आळसाची झळ अनोळखी माणसाला बसते, आणि त्याचा जाब आपल्याला कुणीच विचारत नाही.

पुतण्यानं पोर्ट बंद केलं आणि तो पत्ता वेळेसह इंटरनेट कंपनीला कळवला. तुम्हीही आज राउटर आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. शेजारच्या आजोबांना जमत नसेल, तर त्यांचाही बदलून द्या.