नोंद आणि दखल

वाशिम जिल्हा क्रमवारीत वर सरकला की व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे गुच्छ फिरतात आणि खाली घसरला की तज्ज्ञ जागे होतात. नीती आयोगाने २०१८ मध्ये मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ म्हणायला सुरुवात केली. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आमचे वाशिम अशी चार नावे यादीत आली. एकूण ४९ निर्देशक, आरोग्य-पोषणाला त्यात ३० टक्के भार, आणि प्रगती महिन्याच्या महिन्याला मोजून क्रमवारी लावायची. तेव्हापासून जिल्ह्याच्या आरोग्याची चर्चा म्हणजे बहुधा या क्रमांकाचीच चर्चा. मला ती उथळ वाटते. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घेतलेल्याने असे म्हणावे हे जरा विचित्रच, कारण दोन वर्षे मी मुख्यतः मोजायलाच शिकलो.

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले लंडनचा पंप, भोर समिती, अल्मा-आटा हे टप्पे अभ्यासक्रमात होतेच. ते उगाळत नाही. मनात रुतून बसला तो माझा प्रबंध. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांची वजने-उंच्या घ्यायच्या आणि काही महिन्यांनी त्याच मुलांची पुन्हा घ्यायची, असा आराखडा होता. दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा कितीतरी घरांना कुलूप. माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली, मुलेही त्यांच्याबरोबर. ती कुठे आहेत हे ओट्यावर बसलेल्या म्हातारीला माहीत होते, आशाताईंना माहीत होते, किराणा दुकानदारालाही माहीत होते. मी तक्त्यात लिहिले : ‘लॉस्ट टू फॉलो-अप’. पाठपुरावा आमचा सुटला होता, पण हरवले म्हणून नाव लागले मुलांचे.

अशा मुलांच्या आरोग्याच्या प्रश्नावर मते पुष्कळ आहेत. डॉक्टर वाढवा म्हणणाऱ्यांनी कुलूपबंद घराला कोणता डॉक्टर लागतो ते सांगावे. जनजागृतीवाल्यांना वाटते, त्या आईला मुलाची भूक कळत नाही. खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी आधी तांड्यावर दुकान थाटून दाखवावे. ही मते फार वेळ घेण्याजोगी नाहीत. वेळ घेते ते एक मत, कारण ते हुशार आहे आणि माझ्याच वर्गात शिकवले गेले : जे मोजले जाते तेच सुधारते.

त्यात तथ्य आहे हे आधीच कबूल करतो. ‘कोवळी पानगळ’ हा २००१ चा अहवाल आठवावा. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले तेव्हा सरकारदरबारी त्यातले कितीतरी मृत्यू उमटतच नव्हते, हे उघड झाले. नोंदच नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर? मी आकड्यांच्या विरोधात नाही.

पण मोजल्याने सुधारते म्हणजे नेमके काय सुधारते? जे मोजले ते, ज्या दिवशी मोजले त्या दिवशी. बाळंतपण दवाखान्यात झाले, रकाना भरला. तीच बाई काही दिवसांत सोयाबीनच्या सोंगणीला उभी राहिली तर त्याला रकाना नाही. यावर उत्तर येते, मग तोही रकाना वाढवा. वाढवू. ‘कुटुंब स्थलांतरित आहे काय?’ या प्रश्नापुढे अंगणवाडीताई ‘होय’ भरतील, ते ‘होय’ तालुक्याला जाईल, तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून दिल्लीला. ऊस ज्या गावात तोडला जातोय तिथल्या अंगणवाडीत मात्र ते पोचणार नाही. पोर तिकडे फडात. मग म्हणतात, ॲप जोडा, माहिती तिकडेही दिसेल. दिसेल, नाही कशाला? दिसल्यावर फडापर्यंत कोण जाणार, एवढेच सांगा. प्रत्येक वेळी उत्तर आणखी मोजण्याचे असते, आणि प्रत्येक वेळी आकडा वरच जातो.

आकडा दुसऱ्या दिशेनेही चालू शकतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाईंसाठी श्वास मोजण्याचे एक साधन केले. मिनिटभराची वाळू आणि मण्यांच्या ओळी. मोठे आकडे न येणाऱ्या बाईने दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध द्यायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी. हेही मोजणेच. पण इथे आकडा मोजणारीच्या हातातून निघून तिच्याच दुसऱ्या हातात येतो. पुढे त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्ये तो निष्कर्ष छापला. माझ्या वर्गात तो शिकवला तो टक्क्यांसाठी. मण्यांचा विषय निघाला नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. नोंद आणि दखल. नोंद होते, कुणी न घेताही. आता तर यंत्रच करते. दखल आपसूक होत नाही, ती घ्यावी लागते, म्हणजे घेणारे माणूस लागते. नोंदीला रकाना पुरतो. दखलीला उद्या सकाळी कुणाला तरी जावे लागते.

दखलही मोजणाऱ्यानेच घ्यायची, म्हणजे मोजणाराच जबाबदार ठरला, तर तो आकडे फुगवेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तपासणारे हात निराळे हवेतच. तरीही मला वाटते, फुगवण्याची गरज भासते ती आकडा साहेबांना दाखवायचा असतो तेव्हा. लाल मणी लपवून दाईला काय मिळणार होते? समोर धापा टाकणारे बाळ तसेच राहिले असते.

तोंडी परीक्षेत मला विचारले होते, गळालेल्या मुलांमुळे निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकेल? कुपोषण प्रत्यक्षाहून कमी दिसेल, मी म्हणालो, कारण गेली ती मुले जास्त गरीब घरची. उत्तर बरोबर होते, गुणही मिळाले. ती मुले कोणत्या कारखान्याच्या फडात आहेत हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर मला ते सांगता आले नसते. तांड्यावरच्या म्हातारीला मात्र आले असते.